डेक्स्ट्रान कोटेड मॅग्नेटिक नॅनोपार्टिकल: बनवायचे कसे आणि कोटिंग खरंच बसलंय का ते बघायचं कसं

एमएस्सीच्या प्रोजेक्टला हा विषय दरवर्षी कोणी ना कोणी घेतंच, आणि त्यात नवल काही नाही, केमिकल स्वस्त आहेत, एका दुपारी काळी पावडर तयार होते, बाटलीला चुंबक लावला की सगळं एका बाजूला जाऊन चिकटतं आणि फोटो झकास येतो. पण त्या फोटोवरून एवढंच कळतं की आयर्न ऑक्साइड झालंय. पॉलिमर कणाला धरून बसलंय की नुसतं कणाच्या शेजारी वाळलंय, हे त्यातून काहीही कळत नाही आणि व्हायवाला किंवा पेपरला रेफरी नेमकं तेच विचारतो. त्यामुळे या लेखात बनवण्याचा भाग आहेच, पण माझा जास्त जोर धुण्यावर आणि कंट्रोल सॅम्पलवर (ताडून बघायला ठेवलेल्या नमुन्यांवर) आहे, कारण काम तिथेच बिघडतं.

पॉलिमर म्हणून मी डेक्स्ट्रान घेतोय, म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या. पीईजी, पीव्हीए, कायटोसान हे सगळे चालतात, पण कायटोसान अ‍ॅसिडमध्ये विरघळवावं लागतं आणि अ‍ॅसिड तुमच्या मॅग्नेटाइटलाही (हेच ते काळं चुंबकीय आयर्न ऑक्साइड) हळूहळू खातं, साधं पीईजी कणावर फार धरून राहत नाही. डेक्स्ट्रानचा इतिहासही चांगला आहे, लिव्हरच्या एमआरआयसाठी अमेरिकेत १९९६ साली मान्यता मिळालेलं फेरिडेक्स हे डेक्स्ट्रान कोटेड आयर्न ऑक्साइडच होतं (नंतर ते बाजारातून गेलं), आणि २००९ साली मान्यता मिळालेलं फेराहीम, जे किडनीच्या पेशंटना लोह कमी पडल्यावर देतात, त्याचं कोटिंगही डेक्स्ट्रानच्याच जातकुळीतलं आहे. बेसिक रेसिपी दोन जुन्या कामांवर उभी आहे: मासार यांची १९८१ ची को-प्रेसिपिटेशन (दोन्ही आयर्न सॉल्ट एकत्र खाली पाडायची) पद्धत, आणि मोल्डे व मॅकेन्झी यांची १९८२ ची, ज्यात डेक्स्ट्रान असतानाच कण पाडतात.

आधी हिशोब

रिअ‍ॅक्शन सोपी आहे, दोन भाग फेरिक आणि एक भाग फेरस, त्यात अल्कली, की मॅग्नेटाइट पडतं. पण हे २ ला १ प्रमाण मोलचं आहे, वजनाचं नाही, आणि वजन काढताना बाटलीवरचं लेबल वाचा कारण फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट असेल तर १० मिलिमोलला २.७० ग्रॅम लागतं आणि अ‍ॅनहायड्रस असेल तर १.६२ ग्रॅमच. फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट ५ मिलिमोल म्हणजे ०.९९ ग्रॅम. हे फेरस क्लोराइड फिकट हिरवं दिसायला पाहिजे, बाटली जुनी असेल आणि वर पिवळट-तपकिरी पापुद्रा असेल तर त्यातलं बरंचसं फेरिक झालंय, ते वापरून प्रमाण जुळणार नाही. अशा वेळी सरळ मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) घ्या, १.९६ ग्रॅम, ते हवेत बऱ्यापैकी टिकतं आणि टायट्रेशनमुळे कुठल्याही कॉलेजच्या स्टोअरमध्ये सापडतं. एवढ्या मालातून जास्तीत जास्त १.१६ ग्रॅम मॅग्नेटाइट निघतं. तुमच्या वाळलेल्या साध्या पावडरचं वजन १.५ ग्रॅम भरलं तर खूश होऊ नका, मीठ किंवा पाणी राहिलंय.

डेक्स्ट्रान ५ ग्रॅम, मॉलिक्युलर वेट ४०,००० वालं, त्याला डेक्स्ट्रान ४० म्हणतात. स्टोअरवाल्याने डेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज दिलं नाहीये ना हे बघून घ्या.

लिकर अमोनिया, २५ टक्क्यांची, १० एमएल. खरं तर ३ एमएलमध्ये हिशोब जमतो पण आपल्याला शेवटी पीएच ९.५ च्या आसपास हवा म्हणून जास्त घेतो. एप्रिल-मेमध्ये ही बाटली फ्रिजमध्ये किंवा बर्फात थंड केल्याशिवाय उघडू नका, आतलं प्रेशर वाढलेलं असतं आणि तोंडावर वाफ येते, हे नागपूर-अकोल्याकडच्या लोकांना सांगायला नको. सगळं काम फ्यूम हूडमध्ये, चष्मा आणि ग्लोव्हज घालून. आणि सारखी उघडलेली जुनी बाटली असेल तर तिच्यात ताकद राहिलेली नसते, म्हणून एमएलवर विसंबू नका, पीएच पेपरवर बघा.

दोन बॅच, एक नाही

एक साधी, एक कोटिंगवाली, त्याच दिवशी, त्याच बाटल्यांमधून. साधी बॅच नसेल तर पुढची एकही टेस्ट कशाशी ताडून बघता येणार नाही.

साध्या बॅचसाठी: डिस्टिल्ड वॉटर उकळून घ्या आणि नायट्रोजन सोडत गार करा, अर्धा तास तरी बबल करा. ऑक्सिजन राहिला की फेरसचं फेरिक होतं आणि काळ्याऐवजी तपकिरी माल मिळतो. ८० एमएल पाणी तीन तोंडांच्या फ्लास्कमध्ये, दोन्ही आयर्न सॉल्ट वेगळ्या २० एमएलमध्ये (फेरिकमुळे गढूळपणा येऊ नये म्हणून दोन थेंब कॉन्सन्ट्रेटेड एचसीएल), ते फ्लास्कमध्ये ओता, ६०-७० डिग्रीला आणा आणि जोरात ढवळत अमोनिया टाका. क्षणात काळं होतं. ढवळायला वरून येणारा ओव्हरहेड स्टरर पाहिजे. मॅग्नेटिक स्टररवर हे करू नका, सगळा माल त्या बीडला दाढीसारखा चिकटून बसतो आणि ढवळलं काहीच जात नाही. पाऊण तास ठेवा, गार करा, खाली चुंबक लावून वरचं पाणी ओतून द्या, परत पाणी घाला, असं चार-पाच वेळा, पीएच ७ च्या जवळ येईपर्यंत.

कोटिंगच्या बॅचमध्ये क्रम बदलतो. ५ ग्रॅम डेक्स्ट्रान ८० एमएल पाण्यात पूर्ण विरघळवा (घाई केली तर गुठळ्या होतात, थोडं कोमट करून सावकाश घ्या), त्यात आयर्नचं सोल्युशन मिसळा, आणि फ्लास्क बर्फात ठेवून ५ डिग्रीच्या आसपास आणा. नायट्रोजन चालूच. मग थंड केलेला अमोनिया थेंब थेंब, पंधरा-वीस मिनिटं घेऊन. इथे लगेच काळं झालं नाही तर घाबरू नका, आधी हिरवट-करडा गढूळ रंग येतो, आणि बर्फ काढून ७५-८० डिग्रीला नेलं की हळूहळू काळं होतं. तासभर तिथे ठेवा. थंडीत सुरुवात करण्याचं कारण असं की डेक्स्ट्रानच्या साखळ्या आयर्नला धरून असतानाच कण जन्माला येतात आणि त्यांना फार वाढू देत नाहीत, त्यामुळे या बॅचचे क्रिस्टल साध्या बॅचपेक्षा बारीक निघणं अगदी नॉर्मल आहे. म्हणूनच दोन बॅचमधला मॅग्नेटिझमचा फरक सगळा कोटिंगच्या नावावर खपवता येत नाही, त्यात साइजचाही वाटा असतो.

धुणं, म्हणजे खरी मेहनत

आता गंमत अशी की कोटिंग चांगलं बसलं असेल तर चुंबक लावून काहीच होत नाही. कण इतके बारीक आणि एकमेकांपासून लांब असतात की साधा निओडायमियम मॅग्नेट त्यांना तासन्‌तास ओढत राहतो तरी सोल्युशन काळं ते काळंच. मुलं समजतात एक्सपेरिमेंट फसला आणि मग कोणीतरी अ‍ॅसिटोन किंवा इथेनॉल ओतून सगळं खाली पाडतं. हे अजिबात करू नका, कारण अल्कोहोल-अ‍ॅसिटोनमध्ये मोकळं डेक्स्ट्रानही खाली पडतं आणि तुमच्या कणांसोबत वाळून येतं. मग एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड स्पेक्ट्रममध्ये) डेक्स्ट्रानचे पीक सुंदर दिसतात आणि ते काहीही सिद्ध करत नाहीत.

पहिल्यांदा मोठे गठ्ठे काढा: १,००० जी ला (गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट) १० मिनिटं सेंट्रिफ्यूज, खाली बसेल ते टाकून द्या, वरचं काळं लिक्विड आपलं. लिहिताना जी लिहा, आरपीएम नाही, कारण प्रत्येक मशीनचा रोटर वेगळा असतो, १० सेंटीमीटर रेडियसला ३,००० आरपीएम म्हणजे साधारण १,००० जी होतात.

त्यानंतर डायलिसिस. बहुतेक लॅबमध्ये १२-१४ किलोडाल्टनची ट्यूब (म्हणजे १२-१४ हजार मॉलिक्युलर वेटपेक्षा मोठं काही बाहेर न सोडणारी पिशवी) पडलेली असते आणि सगळे तीच वापरतात. तिच्यातून अमोनिया जाईल, क्लोराइड जाईल, पण ४० किलोडाल्टनचं डेक्स्ट्रान बाहेर पडणार कसं? ते पिशवीतच राहतं. कितीतरी थिसिसमध्ये "दोन दिवस डायलिसिस करून फ्री पॉलिमर काढलं" असं बिनधास्त लिहिलेलं असतं, आणि ट्यूबचा कटऑफ बघितला की कळतं की ते शक्यच नव्हतं. तर ही ट्यूब फक्त मीठ काढायला वापरा, पाणी चार-पाच वेळा बदलून. क्लोराइड गेलं का हे सिल्व्हर नायट्रेटने बघता येतं पण बाहेरच्या पाण्याचा नमुना आधी डायल्यूट नायट्रिक अ‍ॅसिडने आम्लधर्मी करून घ्या, नाहीतर उरलेल्या अमोनियात सिल्व्हर क्लोराइड विरघळतं आणि क्लोराइड नसल्याचा भास होतो.

मोकळं डेक्स्ट्रान काढायला १०० किलोडाल्टनच्या सेंट्रिफ्यूगल फिल्टर ट्यूब घ्या. थोड्या महाग आहेत, पण पूर्ण प्रोजेक्टला दोन-चार पुरतात. कण वर राहतात, डेक्स्ट्रान खाली जातं, वर परत पाणी, असं पाच-सहा वेळा. प्रत्येक वेळी खाली आलेलं पाणी वेगळ्या, नंबर घातलेल्या ट्यूबमध्ये ठेवा, कारण आता आपण त्यात साखर मोजणार आहोत. फिनॉल-सल्फ्युरिक अ‍ॅसिड टेस्ट, बायोकेमिस्ट्रीवाल्यांना तोंडपाठ असते: नमुन्यात ५ टक्के फिनॉल, वरून कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिक, पिवळा-नारिंगी रंग, ४९० नॅनोमीटरला रीडिंग. (फिनॉल कातडीला भाजतं आणि अ‍ॅसिड टाकताना ट्यूब चांगलीच तापते, तेव्हा जपून.) पहिल्या धुण्यात रीडिंग भरपूर, मग उतरत उतरत ब्लँकच्या (नुसत्या पाण्याच्या रीडिंगच्या) जवळ. हा उतरता ग्राफ थिसिसमध्ये टाका, माझ्या मते अख्ख्या कॅरॅक्टरायझेशन चॅप्टरमधला हा सगळ्यात कामाचा ग्राफ आहे आणि त्याला स्पेक्ट्रोफोटोमीटर सोडून काहीही लागत नाही.

अजून एक करा. धुतलेला माल आठवडाभर तसाच ठेवून परत एकदा फिल्टर करा आणि खालच्या पाण्यात साखर बघा. डेक्स्ट्रान कणावर मुख्यतः हायड्रोजन बाँडने बसलेलं असतं, ते डायल्यूट केल्यावर थोडं थोडं सुटतं. किती सुटतं हा आकडा तुमच्याकडे असेल तर "कोटिंग स्टेबल आहे का" या प्रश्नाला हातात उत्तर आहे. ते पक्कं करायला एपिक्लोरोहायड्रिनने क्रॉसलिंक करतात (साखळ्या एकमेकींना जोडतात), पण तो प्रकार विषारी आहे, अनुभवी माणूस शेजारी असल्याशिवाय हात लावू नका.

आणि अर्धा माल नेहमी लिक्विडमध्येच ठेवा. सगळं वाळवून टाकलं की परत पाण्यात तसंच सुटं होईल याची गॅरंटी नाही. पावडर लागते ती फ्रीझ ड्राय करा, नाहीतर व्हॅक्यूममध्ये ४०-५० डिग्रीला, ओव्हनमध्ये १०० च्या वर नको.

मोजमाप

इन्स्ट्रुमेंट कॉलेजात नसतील तर मुंबई आयआयटीचं सैफ किंवा कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचं सीएफसी अशा सामायिक इन्स्ट्रुमेंट सेंटरमध्ये सॅम्पल पाठवता येतात. नंबर लागायला वेळ जातो, त्यामुळे चार सॅम्पल एकदमच तयार ठेवा: साधे कण, नुसतं डेक्स्ट्रान, कोटेड कण, आणि साधे कण व डेक्स्ट्रान खलात कोरडंच घोटून केलेलं मिश्रण. हे चौथं सॅम्पल कोणी पाठवत नाही, आणि सगळा युक्तिवाद त्याच्यावरच उभा असतो.

एक्सआरडीमध्ये (एक्स-रे डिफ्रॅक्शन, यातून क्रिस्टलची रचना कळते) कॉपर ट्यूबवर पीक ३०.१, ३५.५, ४३.१, ५३.५, ५७ आणि ६२.६ डिग्रीच्या आसपास येतात, सगळ्यात उंच ३५.५ चा. लोखंडामुळे कॉपर ट्यूबवर बॅकग्राउंड खूप वर येतो, कोबाल्ट ट्यूब मिळाली तर उत्तम, पण मग पीकच्या जागा वेगळ्या येणार हे लक्षात ठेवा. साइजसाठी शेररचं सूत्र (पीक जितका रुंद तितका क्रिस्टल बारीक), आणि त्यात पीकची रुंदी रेडियनमध्ये घालायची असते, थीटा म्हणजे टू-थीटाचा अर्धा. समजा ३५.५ च्या पीकची रुंदी ०.८ डिग्री आली, म्हणजे ०.०१४ रेडियन, तर साइज १०.४ नॅनोमीटर निघतो. मशीनमुळे आलेली रुंदी आधी वजा करा. एक्सआरडीवरून "शुद्ध मॅग्नेटाइट" असं ठोकून लिहू नका, मॅगहेमाइटचे (मॅग्नेटाइट ऑक्सिडाइज होऊन बनणाऱ्या ऑक्साइडचे) पीक जवळजवळ त्याच जागी येतात (लॅटिस ८.४० विरुद्ध ८.३५ अँगस्ट्रॉम) आणि एवढ्या बारीक कणांचे रुंद पीक हा फरक गिळून टाकतात. मॉसबावर स्पेक्ट्रोस्कोपी (ती फेरस-फेरिक वेगळे ओळखते) करता आली तर करा, नाहीतर सरळ आयर्न ऑक्साइड म्हणा, कमीपणा काही नाही.

टीईएमसाठी (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी) सॅम्पल बिनदुधाच्या पातळ चहाच्या रंगाचं होईपर्यंत डायल्यूट करा. सॅम्पल मॅग्नेटिक आहे हे ऑपरेटरला आधीच सांगा, सुटी पावडर लेन्सला जाऊन चिकटली तर त्यांचं मशीन खराब होतं आणि तुमचं नाव कायमचं लक्षात राहतं. फोटोत दिसतो तो ऑक्साइडचा गाभा, डेक्स्ट्रान साध्या टीईएमला जवळपास दिसत नाही. कणाभोवतीच्या पुसट कडेला बाण दाखवून "पॉलिमर शेल" लिहायची फॅशन आहे, ती कड बऱ्याचदा फोकसचा खेळ असतो. नेगेटिव्ह स्टेन (कणांच्या आजूबाजूचा भाग गडद करणं) केलं तर गोष्ट वेगळी. कमीत कमी दोनशे कण मोजा, सुंदर दिसणारे वीस नाही.

एफटीआयआरमध्ये ५८० च्या आसपास आयर्न-ऑक्सिजनचा बँड आणि १,०००-१,१५० मध्ये डेक्स्ट्रानचा सी-ओ चा गठ्ठा. १,६३० चा बँड पाण्याचा असतो, केबीआर (सॅम्पल ज्यात दाबतात ते पोटॅशियम ब्रोमाइड) ओलं असलं की तो येतोच, त्याला बाँडिंगचा पुरावा म्हणून नाचवू नका. कोटेड आणि घोटलेलं मिश्रण यांचा स्पेक्ट्रम एकावर एक ठेवा, बँड सरकलाय का, आकार बदललाय का बघा. काहीच फरक नाही? तर एफटीआयआरने तुम्हाला एवढंच सांगितलं की डेक्स्ट्रान आहे.

टीजीए (तापवत वजनातली घट मोजणं) आणि व्हीएसएम (मॅग्नेटायझेशन मोजणं) ही जोडगोळी आहे, एकत्रच वाचायची. उदाहरणादाखल आकडे घेऊ: साध्या कणांचं वजन तापवल्यावर ४ टक्के घटलं (पाणी आणि पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल), कोटेडचं ३४ टक्के. म्हणजे कोटेड सॅम्पलच्या १ ग्रॅममध्ये ऑक्साइड ०.६६ ग्रॅमच आहे. आता व्हीएसएमवर साधे कण ६२ ईएमयू (मॅग्नेटायझेशनचं एकक) प्रति ग्रॅम आले, कोटेड ४२. सगळे लिहितात "कोटिंगमुळे मॅग्नेटायझेशन कमी झालं". अहो, ४२ ला ०.६६ ने भागा, ६३.६ येतात! साध्यांचे ६२ ला ०.९६ ने भागले की ६४.६, म्हणजे कमी जवळपास काहीच झालं नाही, तुम्ही साखरेचंही वजन धरलं होतं. भागूनसुद्धा कमी आलं तर मग बारीक साइज किंवा पृष्ठभागाबद्दल बोला. (मोठ्या तुकड्याच्या मॅग्नेटाइटचं ९२ च्या आसपास असतं, नॅनोचं ५० ते ७० आलं तर ठीक चाललंय.) टीजीए हवेत केलं तर मॅग्नेटाइट ऑक्सिडाइज होऊन साडेतीन टक्क्यांपर्यंत वजन वाढू शकतं, नायट्रोजनमध्ये केलं तर डेक्स्ट्रानचा उरलेला कार्बन ६०० च्या वर ऑक्साइडलाच रिड्यूस करायला लागतो आणि घट जास्त दिसते. म्हणून ऑक्साइडचा आकडा दुसऱ्या वाटेनेही काढा: एचसीएलमध्ये विरघळवा, हायड्रॉक्सिलअमिनने सगळं फेरस करा, फिनॅन्थ्रोलिन घाला आणि येणाऱ्या नारिंगी रंगाचं रीडिंग ५१० नॅनोमीटरला घ्या. हे बीएस्सीलाच शिकलेलं असतं. व्हीएसएमला पावडर कप्प्यात घट्ट दाबून भरा, कण फिल्डमध्ये हलले तर लूप वाकडातिकडा येतो.

डीएलएस (लेझरने पाण्यातल्या कणांचा साइज मोजणं) न वाळवलेल्या मालावरच. टीईएममध्ये ७ नॅनोमीटर आणि डीएलएसमध्ये ८० आलं तर चुकलं असं नाही, डीएलएस पाण्यासकट अख्खा गोळा मोजतं आणि डेक्स्ट्रानच्या एका गोळ्यात बरेच गाभे असू शकतात, फेरिडेक्सचाही गाभा ५ च्या आसपास आणि पाण्यातला साइज १०० च्या वर होता. झीटा पोटेन्शिअलसाठी (कणाच्या पृष्ठभागावरच्या चार्जचा अंदाज) अगदी शुद्ध पाणी नको, १० मिलिमोलर सोडियम क्लोराइड घ्या. आणि झीटा शून्याच्या जवळ आला तर "±३० मिलिव्होल्टच्या आत आहे म्हणजे अस्थिर" हे पुस्तकी वाक्य चिकटवू नका, तो नियम चार्जवर टिकणाऱ्या कणांचा. डेक्स्ट्रान न्यूट्रल आहे, ते साखळ्यांच्या गर्दीने कणांना लांब ठेवतं.

स्थिरतेची खरी परीक्षा खारट पाण्यात. एक ट्यूब ०.९ टक्के सलाइन, एक फॉस्फेट बफर, दोन्हीत साधे आणि कोटेड, शेजारी शेजारी. साधे कण पीएच ७ च्या आसपास चार्ज घालवून बसलेले असतात, ते बघता बघता तळाला जातात. कोटेड आठवडाभर तरंगत राहिले आणि डीएलएस हलला नाही तर छान. फॉस्फेट आयर्न ऑक्साइडला घट्ट धरतं आणि सैल बसलेलं पॉलिमर हुसकून लावतं, त्यामुळे सलाइनमध्ये पास आणि फॉस्फेटमध्ये नापास असं होऊ शकतं, तेही लिहा.

हायपरथर्मिया (बदलत्या मॅग्नेटिक फिल्डमध्ये कण तापवणं) करायचं असेल तर हिशोब असा: ऑक्साइड ५ मिलिग्रॅम प्रति एमएल, सुरुवातीला तापमान सेकंदाला ०.०५ डिग्री वाढलं, तर ४.१८ (पाण्याची विशिष्ट उष्णता, जूल प्रति ग्रॅम प्रति डिग्री) गुणिले ०.०५ भागिले ०.००५ म्हणजे ४२ वॅट प्रति ग्रॅमच्या आसपास. चढ सुरुवातीचाच घ्या, आणि नुसत्या पाण्याची ट्यूब त्याच कॉइलमध्ये ठेवून तिचा चढ वजा करा कारण कॉइल स्वतःच तापते. फिल्ड आणि फ्रिक्वेन्सी दिल्याशिवाय या आकड्याला अर्थ नाही.

उरलेला माल ४ डिग्रीला ठेवा, डीप फ्रीझरमध्ये नको, गोठला की गठ्ठे होतात. डेक्स्ट्रान शेवटी साखरच, महिन्या-दोन महिन्यांत बुरशी धरू शकते, सेलवर वापरायचा नसेल तर ०.०२ टक्के सोडियम अझाइड घाला आणि बाटलीवर तसं ठळक लिहा. सेलवर वापरायचा असेल तर ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून छोट्या छोट्या ट्यूबमध्ये भरा, आणि गाळल्यानंतर आयर्न परत मोजा, कारण फिल्टरवर किती माल अडकला ते रंगावरून कळत नाही.